मोडेमच्या पोटातील हुकूम कोणाच्या मालकीचे?

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपेटीत, गावाच्या नळपाणी योजनेच्या पंपघरात, विजेच्या नव्या मीटरमध्ये आणि दुकानातील कार्डाच्या यंत्रात एक लहानशी मोडेम चिप बसविलेली असते, आणि त्या यंत्राचा दूरच्या मालकाशी किंवा कचेरीशी जो काही संवाद चालतो तो तिच्याच मार्फत चालतो. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की, कोणाशी, कोणत्या वाटेने आणि कोणत्या शिस्तीने बोलायचे हे त्या चिपला कोणी सांगून ठेवले आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. निदान सार्वजनिक पैशातून अशी यंत्रे विकत घेणाऱ्यांनी तरी ती केलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोडेमला आज्ञा देण्याची भाषा जुनी आहे. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोन अमेरिकी तंत्रज्ञांनी १९८१ साली ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला तेव्हा, ‘एटी’ या दोन अक्षरांनी आरंभ होणारी आणि साध्या कळफलकावरून लिहिता येणारी आज्ञांची एक आटोपशीर भाषा त्यांनी सोबत दिली. हेज यांची कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. परंतु ती भाषा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रमाण म्हणून स्वीकारली, मोबाइलच्या प्रमाणकांनी तिच्यात शेकडो आज्ञांची भर घातली, आणि आज शेतातल्या पेटीतील चिपही तीच भाषा जाणते.

या भाषेतील सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे आज्ञा साठवून ठेवण्याची. वीज गेली की चिपच्या तात्पुरत्या स्मृतीतील सारे पुसले जाते. आणि ज्या प्रदेशात शेतीची वीज पाळीपाळीने, पुष्कळदा अपरात्री येते, तेथे वीज परतल्यावर यंत्राला पुन्हा सर्व पढविण्यासाठी माणूस हजर असणे शक्य नसते. म्हणून ‘ई’पुढे शून्य, म्हणजे ऐकलेले परत उच्चारू नकोस, ‘एस-शून्य’ बरोबर दोन, म्हणजे दुसऱ्या घंटीला फोन उचल, अशा आज्ञा एकदा देऊन, पाठोपाठ ‘अँड-डब्ल्यू’ ही आज्ञा दिली की त्या स्थायी स्मृतीत कायम होतात. काही चिपांना तर अशी स्मृती बाहेरून जोडता येते, आणि वीज येताच चिप प्रथम तीत ओळीने लिहिलेल्या आज्ञा वाचून पाळते व नंतरच मुख्य नियंत्रकाकडे लक्ष देते. तारेच्या दूरध्वनीसाठी बनलेल्या अनेक मोडेमांची मूळ मांडणी अमेरिकेतील तारांना अनुसरून असते, आणि अन्य देशांतील तारांचे गुणधर्म त्यांना याच आरंभीच्या आज्ञांतून सांगावे लागतात. ही स्थायी स्मृती वारंवार लिहिण्याने झिजते. तेव्हा प्रत्येक आरंभी तेच ते पुन्हा साठविणारी आज्ञावली नियंत्रकासाठी लिहिणे हे निष्काळजीपणाचे काम होय.

येथवरचे सारे स्तुत्यच आहे. अडचण पुढे उत्पन्न होते, कारण एकदा साठविलेले हुकूम वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि भोवतालची परिस्थिती मात्र बदलते. मोबाइलच्या जाळ्यातून इंटरनेटवर जाण्यासाठी चिपला ‘एपीएन’ नावाच्या प्रवेशद्वाराचे नाव ठाऊक असावे लागते. साध्या सिमकार्डासाठी एअरटेलचे नाव ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, तर जिओचे ‘जिओनेट’. ग्रामपंचायतीने एका कंपनीचे सिमकार्ड काढून दुसरीचे घातले आणि पेटीत साठविलेले नाव मात्र पहिलेच राहिले, तर पंप, टाकी, विद्युत्पुरवठा सर्व काही ठाकठीक असूनही पेटी मुकी होते. वस्तुतः या दुखण्याचा उपाय एका ओळीचा आहे, आणि त्याचे निदान करणेही सोपे आहे; कारण हे नाव साठविण्याच्या आज्ञेपुढेच प्रश्नचिन्ह लिहिले की चिप आपल्याजवळचे नाव निमूटपणे सांगते. परंतु ते विचारणार कोण? पेटीला सील असते, परवलीचा शब्द पुरवठादाराच्या माणसाजवळ असतो, तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. आणि मग एका ओळीच्या दुरुस्तीसाठी सबंध पेटी बदलण्याचा खर्च ग्रामनिधीवर पडतो. (चिप केवळ टूजीची असेल आणि सिमकार्ड जिओचे असेल, तर मात्र कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाही, कारण जिओचे जाळे आरंभापासूनच टूजीविना आहे, पण हेदेखील खरेदीच्या वेळी कोणीतरी लेखी सांगावयास हवे.)

या भाषेत लिहिण्याच्या आज्ञेबरोबर वाचण्याचीही आज्ञा आहे; ‘अँड-व्ही’ म्हटले की जुना मोडेम आपल्या साऱ्या नोंदी उलगडून दाखवीत असे. जमीन घेणाऱ्याला सातबारा पाहण्याचा अधिकार असतो, तसाच यंत्र घेणाऱ्याला त्यातील हुकूम पाहण्याचा अधिकार असला पाहिजे. म्हणून आरंभीच्या आज्ञांची संपूर्ण यादी, प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत देऊन, यंत्रासोबत दप्तरी दाखल व्हावी; परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात मालकसंस्थेच्या स्वाधीन व्हावा; आणि नंतर जो कोणी त्या यादीत फेरफार करील त्याने तारखेसह त्याची नोंद करावी. यास खर्च जवळजवळ काहीच नाही.

अशी यादी उघड झाल्यास यंत्रात बाहेरच्यांची ढवळाढवळ होईल, असा आक्षेप पुरवठादार घेतात. त्यात तथ्यांश आहे, परंतु तो यादीच्या विरुद्ध नाही. गुप्त राखावयाचे ते परवलीचे शब्द आणि संकेताच्या किल्ल्या. फोन कितव्या घंटीला उचलावा किंवा प्रवेशद्वाराचे नाव काय, हे मालकापासून लपविल्याने सुरक्षितता तिळभरही वाढत नाही. उलट, कोणाचाही फोन आपोआप उचलण्याची आज्ञा एखाद्या पेटीत अनवधानाने राहून गेली असेल, तर ती यादी वाचणाऱ्यालाच प्रथम दिसेल.

केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या विद्युत्वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांत मोबाइलच्या जाळ्याशी बोलणारा मोडेम असणार आहे. इतक्या अफाट संख्येत दडलेले हुकूम मूठभर पुरवठादारांच्याच माहितीचे राहणे हे सार्वजनिक हिताचे नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महावितरण यांनी आपल्या पुढील निविदेच्या मसुद्यात या यादीचे एक कलम अवश्य घालावे, आणि ज्या पुरवठादाराला ते मान्य नसेल त्याला कंत्राट देऊ नये.