परसातील पाखरे आणि घरचे मांजर

पक्षिनिरीक्षणासाठी अरण्य गाठावे लागत नाही. परसात जास्वंदीचे एखादे झुडूप आणि पाण्याने भरलेला मातीचा परळ एवढी सामग्री असली, की बुलबुल, दयाळ, शिंपी, सातभाई ही मंडळी आपण होऊन येतात. उत्तर अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली परसातील पक्ष्यांची गणना २०१३ पासून भारतातही होऊ लागली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या अंगणात पाखरांसाठी पाणी ठेवावयाचे, त्याच अंगणात मांजरही मोकळे सोडावयाचे, या पाहुणचाराला काय म्हणावे?

सर्वांत अधिक धोका असतो तो पिलांना. बुलबुल आपले वाटीसारखे घरटे हाताला येईल अशा झुडपात बांधतो. शिंपी तर पुष्कळदा त्याहूनही खाली पाने शिवून घर करतो. पिले घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांना नीटसे उडता येत नाही. काही दिवस ती झुडपाच्या आसऱ्याला बसून आईबापांजवळ घास मागत ओरडत राहतात, आणि ती हाक मांजरालाही ऐकू जाते. पोट भरलेले मांजर शिकार करीत नाही, ही समजूत भाबडी आहे. त्याची शिकारीची प्रेरणा केवळ भुकेवर अवलंबून नसते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मांजरे दर वर्षी १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील मोठा वाटा बेवारशी मांजरांचा आहे. न्यूझीलंडनजीकच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह उभे राहिले आणि माणसांबरोबर मांजर आले. उडता न येणारा तेथील चिमुकला पक्षी थोड्याच वर्षांत नामशेष झाला. एकाच मांजराने ही जात संपविली असे सांगत असत; प्रत्यक्षात तेथे मांजरे अनेक झाली होती. भारतातील पाखरांची गोष्ट इतकी एकेरी नाही, हे मान्य केले पाहिजे. येथील पाखरे रानमांजराच्या सहवासातच वाढली आहेत.

याच आधारावर, 'हा तर निसर्गक्रमच' असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. रानमांजराची संख्या भक्ष्याच्या प्रमाणात राहते; भक्ष्य घटले की तेही घटते. घरच्या मांजराला हा लगाम नाही. पाखरे संपली तरी दूधभाताची ताटली असतेच! दोष अर्थातच मांजराचा नव्हे, ताटली ठेवणाऱ्याचा आहे.

मांजर घरात ठेवणे हाच खरा उपाय. ते अशक्य असेल तर निदान विणीच्या हंगामात तरी त्याला बाहेर सोडू नये. गळ्यातील घंटेने सावध होऊन मोठे पाखरू उडून जाईल, पण उडताच न येणाऱ्या पिलाला घंटेचा उपयोग काय? इंग्लंडमधील २०२१ च्या एका प्रयोगात मांसप्रधान आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे पोट भरणे निराळे आणि पोषण निराळे. बेवारशी मांजरांना खाऊ घालणाऱ्या दयाळू माणसांनी त्यांच्या निर्बीजीकरणाचीही तजवीज करावी, आणि ती ताटली पाखरांच्या परळाजवळ तर मुळीच ठेवू नये.