सलामी पुरे, आता बाक द्या

सैनिकाचा सत्कार करण्यात आपला समाज कधीच मागे राहिलेला नाही. तो रजेवर येवो वा कायमचा परतून येवो, शाल, श्रीफळ, पुष्पहार आणि भाषण ही चार आयुधे सदैव सज्ज असतात. सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी त्याला पहिली खुर्ची मिळते. सत्तावीस जानेवारीला तोच माणूस ‘कुठे वॉचमनची जागा आहे का’ असे विचारीत दारोदार फिरतो, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. आम्हांला ते वावगे वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लष्करातून परतणाऱ्या तरुणापुढे आपण नोकरीचा तुकडा टाकतो, फार तर पदवीसारखा दिसणारा एखादा कागद ठेवतो. त्याला गरज असते ती खऱ्या शिक्षणाची: वर्गातील बाकाची, शिक्षकाची, ग्रंथालयाची आणि मुख्य म्हणजे तेथे टिकून राहण्यासाठी लागणाऱ्या आधाराची. शाळा-महाविद्यालये चालविण्यात ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले, त्या आपल्या समाजाने हा आधार देण्यात पुढे झाले पाहिजे.

हा प्रश्न आजच का काढावा, असे कोणी विचारील. पूर्वीचा जवान पंधरा-सतरा वर्षे सेवा करून, निवृत्तिवेतन घेऊन परतत असे. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली आणि हे गणित बदलले. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाचा मुलगा भरती होतो, चार वर्षे सेवा करतो, आणि चौघांपैकी फार तर एक जण पुढे कायम होतो. उरलेल्या तिघांना सेवानिधी म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. निवृत्तिवेतन मिळत नाही, आणि २०२२ च्या अटींनुसार ‘माजी सैनिक’ हा दर्जाही मिळत नाही. पहिल्या वर्षासाठीच ४६,००० जागा जाहीर झाल्या होत्या. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरपासून भरू लागतात. योजना चांगली की वाईट, यावर आपल्या वाचकांत मतभेद असतील, खुशाल असावेत. परंतु बावीस-चोवीस वर्षांचा जो मुलगा खांद्यावर पेटी घेऊन आसनगाव स्थानकावर उतरेल, तो त्या मतभेदांचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.

त्याच्यापुढे आमच्या या मुलखात काय वाढून ठेवलेले असते? शहापूर आणि मुरबाड हे डोंगराचे, भाताचे आणि धरणांचे तालुके. भातसा आणि तानसा यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. किन्हवली परिसरातील पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात ती भरतीसाठी, कारण दहावी-बारावीनंतर मानाने जगण्याची जी थोडी दारे दिसतात त्यांतील ते एक. परतल्यावर त्यांची वाट भिवंडीच्या गोदामांकडे किंवा कल्याण-मुंबईच्या एखाद्या इमारतीच्या फाटकाकडे वळते. पाणी मुंबईला, पोर सीमेवर, आणि सीमेवरून आले की तेच पोर मुंबईच्या फाटकावर! या हिशेबात तालुक्याच्या पदरी काय पडले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

‘पण सरकारने सैनिकाला पदवीधर मानले आहेच की,’ असे काही जाणकार सांगतात. या कागदाची कथा समजून घेतली पाहिजे. मॅट्रिक झालेला आणि किमान १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक, जेथे पदवीची अट आहे पण तांत्रिक ज्ञान आवश्यक नाही अशा गट ‘क’ च्या पदांना पात्र समजावा, अशी तरतूद केंद्र सरकारने १९८६ साली केली. तरतूद दयाळू होती आणि तिने अनेक घरांत चूल पेटती ठेवली. तथापि, ती नोकरीपुरतीच आहे. पदवीधर समजणे वेगळे आणि पदवीधर होणे वेगळे. चार वर्षांत परतणाऱ्याला तर हा कागदही लाभायचा नाही, कारण त्यासाठी पंधरा वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट अधिक खटकणारी आहे. सैनिकाच्या नावाने शिक्षणाच्या ज्या सवलती आहेत त्या बहुतांशी त्याच्या मुलांना आहेत. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशात राखीव जागा आहेत, त्या सैनिकांच्या पाल्यांसाठी. सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहे आहेत, ती सैनिकांच्या मुलामुलींसाठी. पंतप्रधानांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, ती माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी व विधवांसाठी. हे सारे योग्यच आहे. पण ज्याने बंदूक धरली त्याला स्वतःला शिकावेसे वाटले, तर त्याच्यासाठी काय? जणू सैनिकाचे शिकायचे वय नाम-नमक-निशाण म्हणताना कायमचे सरले! बावीस वर्षांच्या अविवाहित मुलाला ‘तुझ्या मुलांना सवलत आहे’ असे सांगणे ही थट्टा झाली.

अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखला आहे. त्यातील निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे आणि निम्मे पुस्तकी अभ्यासाचे. दहावी झालेल्यांना बारावीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थाही पुढे आली. पाऊल योग्य दिशेचे आहे, यात शंका नाही. मात्र उरलेले निम्मे श्रेयांक मिळवायचे कसे? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, चार वर्षांत वही न उघडलेला मुलगा टपालाने आलेली पुस्तके घेऊन ओसरीवर एकटा बसला, तर किती दिवस बसेल? ‘त्याला शिस्त आहे, तो शिकेल’ असे म्हणणाऱ्यांना शिस्त आणि अध्ययन यांतील भेद कळलेला नाही. शिस्त पहाटे उठविते. निबंध कसा लिहावा हे ती शिकवीत नाही. उलट, हुकमाची सवय झालेल्या माणसाला ‘सर, मला समजले नाही’ असे भर वर्गात म्हणणे फार जड जाते.

याचा दाखला आपल्या घरातलाच आहे. संत इग्नेशियस लोयोला हे आपण संत म्हणून जाणतो; ते परतलेले सैनिक आणि वयस्क विद्यार्थी होते, हे विसरतो. १५२१ साली पाम्पलोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. १५२४ च्या सुमारास, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते बार्सिलोनात लॅटिन व्याकरण गिरवू लागले. तेथे एका गुरुजींनी त्यांना मोबदला न घेता शिकविले. त्यानंतर अल्काला येथे त्यांनी घाईघाईने तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान आणि ईशज्ञान असे सारे एकदम हाती घेतले आणि पायाच कच्चा राहिला. १५२८ मध्ये पॅरिसला पोहोचल्यावर त्यांना लहान मुलांच्या पंक्तीत बसून पुन्हा व्याकरणापासून आरंभ करावा लागला. जवळचे पैसे एका सोबत्याकडे विश्वासाने ठेवले होते; ते त्याने उधळले. मग ते दूरच्या एका धर्मशाळेत राहू लागले. पण तिचे दार सकाळी उशिरा उघडे आणि संध्याकाळी लवकर बंद होई, त्यामुळे तास बुडत. एखाद्या प्राध्यापकाच्या घरी चाकरी करून शिकावे म्हटले, तर तशी जागा मिळेना.

वाचकहो, यातील कोणते संकट किन्हवलीच्या मुलाला चुकले आहे? सेवानिधीवर डोळा ठेवणारे सोबती आजही आहेत. धर्मशाळेच्या दाराच्या जागी एस.टी.ची शेवटची गाडी आली, एवढाच फरक. आणि इग्नेशियस तरले कशाने? फ्लँडर्समधील स्पॅनिश व्यापाऱ्यांनी दिलेल्या वार्षिक मदतीने, आणि खोलीतील सोबती पीटर फेबर यांच्या शिकवणीने. पंधरा वर्षांनी लहान असलेला हा तरुण त्यांना तत्त्वज्ञानाचे पाठ समजावून देत असे. त्याच खोलीत फ्रान्सिस झेवियरही राहत. १५३५ मध्ये इग्नेशियस मास्टर ऑफ आर्ट्स झाले. ज्या येशूसंघाने १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय काढले, त्याचा संस्थापक असा दुसऱ्यांच्या आधाराने शिकला होता.

हा केवळ संतांचा चमत्कार आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेने १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा करून त्यांची फी आणि निर्वाहभत्ता सरकारी तिजोरीतून देण्याची सोय केली. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्यासारख्या विद्वानांनी भीती घातली की, यामुळे विद्यापीठांत रिकामटेकड्यांची भरती होईल. घडले उलटे. सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत गेले. १९४७ साली तेथील जवळजवळ निम्मे विद्यार्थी तेच होते, आणि अभ्यासात ते मागे पडले नाहीत. त्या देशातील कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र दक्षिणेकडील अनेक महाविद्यालयांनी दारे बंद ठेवली. म्हणजे कायदा पुरेसा नसतो. दार उघडणारा हातही लागतो.

आपल्या महाराष्ट्राला तर हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. इंग्रजी अमदानीत लष्करी शाळांतून अक्षर शिकलेल्यांनी येथे इतिहास घडविला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरातल्या पाटी-पुस्तकातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर घडले. सैन्यातून १८८६ साली निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. सैनिकाच्या हाती पुस्तक आले की त्याचा लाभ त्याच्या एकट्यापुरता राहत नाही, तो साऱ्या वस्तीला होतो.

‘आधी पोटाचे पाहा, मग पुस्तकाचे,’ हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आईच्या औषधाला आणि बहिणीच्या लग्नाला पैसा लागतो. पण कमाई आणि शिक्षण यांची सांगड अशक्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग साताऱ्यात चालवून दाखविला. तेथे गरीब मुले श्रम करून शिकली. मग सेवानिधी हाती असलेल्या श्रमसवयीच्या तरुणाला ते का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शासनाने पाल्यांना दिलेल्या फीच्या व वसतिगृहाच्या सवलती स्वतः सैनिकालाही द्याव्यात, मग त्याने चार वर्षे सेवा केली असो वा चौदा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयांनी पदवीपूर्वी सहा महिन्यांचा तयारीवर्ग चालवावा. त्यात मराठी-इंग्रजी लेखन, साधे गणित आणि टिपणे काढण्याची सवय एवढेच असावे. अल्कालाची घाई नको, पॅरिसचा पाया हवा. प्रत्येक महाविद्यालयाने एक प्राध्यापक या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणून नेमावा. काम करून शिकणाऱ्यासाठी रविवारचे तास ठेवावेत आणि ७५ टक्के हजेरीचा नियम माणूस पाहून लावावा. मुंबई-ठाण्यातील आपल्या कॅथॉलिक महाविद्यालयांनी दर वर्षी काही जागा आणि वसतिगृहातील काही खाटा या मुलांसाठी राखाव्यात, धर्म-जात न विचारता.

आणि धर्मग्रामांतील कुटुंबांनो, तुमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत हयात घालविलेले आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत. आठवड्यातून दोन तास एका परतलेल्या जवानाला द्या. त्याचा निबंध तपासा, त्याचा परीक्षेचा अर्ज भरून द्या, सेवानिधीतील शिक्षणाचा वाटा स्लॅब आणि मोटारसायकल यांच्या आधी बाजूला काढायला लावा. तो वर्गातून महिनाभर दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारा. रात्री झोप न येणे, माणसांत नकोसे होणे, हेही त्याच्या पेटीतून आलेले असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही, हे त्याला कोणीतरी आपुलकीने सांगायला हवे.

पहिल्या तुकड्यांसाठी हारांची ऑर्डर देणारी मंडळे गावोगावी निघतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: हाराचे पैसे जूनमधल्या प्रवेश-फीसाठी ठेवा.