शेपटीवाल्या फायली

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता एका मित्राच्या वेबसाईटचं काम करायला बसलो. (फुकटचं काम, मैत्रीखातर.) सर्व्हरवर इंजिन-एक्सच्या 'साईट्स-एनेबल्ड' फोल्डरमधली फाईल थेट ईमॅक्समध्ये उघडली, एक ओळ बदलली, सेव्ह केली, रीस्टार्ट मारला. साईट बंद! म्हणे 'डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर'. अहो, पण मी तर एकच लिहिलाय! अर्धा तास तीच फाईल वरून खाली, खालून वर वाचली. (नुसतं रीलोड केलं असतं तर जुनी सेटिंग्ज चालू राहिली असती. पण हात रीस्टार्टवर बसलाय, काय करणार.)

शेवटी फोल्डरमधल्या फायलींची यादी काढली, तेव्हा दिसलं. माझ्या फाईलशेजारी तिचीच जुळी बहीण, नावाच्या शेवटी ~ अशी शेपटी लावून बसलेली. उबुंटूवर इंजिन-एक्स त्या फोल्डरमधलं जे दिसेल ते वाचतो. त्याला काय ठाऊक ही जुनी प्रत आहे! तिला उडवलं, साईट चालू. हुश्श.

फाईल उघडल्यावर पहिल्यांदा सेव्ह करताना ईमॅक्स जुन्या फाईलला शेपटी लावून बाजूला ठेवतो आणि नवीन लिहितो. मग ऑफिसात रोज हाच एडिटर वापरून मला या शेपट्या कशा दिसल्या नाहीत? कारण तिथे सगळं गिटमध्ये असतं, आणि गिटमधल्या फायलींचा बॅकअप ईमॅक्स आपणहून घेत नाही. म्हणजे जिथे दुसरा काही आधार नाही, तिथेच तो ही प्रत ठेवतो. शहाणा आहे की नाही?

म्हणूनच 'बॅकअप बंद करून टाका' हा जो सल्ला जिथेतिथे मिळतो, तो मला अजिबात पटत नाही. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये. फाईल लिहिता लिहिता लाईट गेली तर उरते ती अर्धी फाईल. विमसुद्धा याच भीतीपोटी लिहिण्याआधी प्रत काढतो आणि नीट लिहून झालं की गुपचूप पुसतो. (विंडोजवरच्या जीविमची तयार सेटिंग्ज मात्र ती प्रत ठेवतात, वर '.यूएन~' नावाची अनडूची फाईलही ठेवतात. तुम्ही पुसलेला मजकूर तिच्यात तसाच राहतो, पासवर्ड असेल तर तोही.)

दुखणं प्रत ठेवण्यात नाही, ती मूळ फाईलच्या मांडीला मांडी लावून बसते यात आहे. ईमॅक्समध्ये 'बॅकअप-डिरेक्टरी-अलिस्ट' आणि विममध्ये 'बॅकअपडिर' लिहून सगळ्या शेपट्या होम फोल्डरातल्या एका कोपऱ्यात पाठवता येतात. विमसाठी तो फोल्डर आधी स्वतः तयार करा, तो करून देत नाही. दोन ओळींचं काम. मी ते त्या सर्व्हरवर कधीच केलं नव्हतं.

हे सगळं डोक्यात चालू असताना एकदम पोटात गोळा आला. वेबसाईटच्या फोल्डरात मी 'कॉन्फिग.पीएचपी' पण अशीच उघडली होती, मागे कधीतरी! बघतो तर शेजारी शेपटीवाली. नाव '.पीएचपी'वर संपत नाही, त्यामुळे सर्व्हर ती चालवत नाही, जशीच्या तशी देऊन टाकतो. ब्राऊझरमध्ये पत्ता टाकला आणि डेटाबेसच्या पासवर्डसकट फाईल डाऊनलोड होऊन हातात.

लॉग चाळला. नऊ दिवसांपूर्वी कुठल्याशा बॉटने नेमकी तीच फाईल मागितली होती, आणि उत्तर गेलं होतं २००. म्हणजे दिली! लॉग चौदाच दिवसांचे, त्याआधीचं देव जाणे.

त्या डेटाबेसला बाहेरून जोडता येत नाही, एवढंच नशीब. तरी पासवर्ड बदलला आणि मित्राला फोन लावला.

"झालं का रे काम?" तो.

"काम झालं. पण थांब जरा, एक घोळ सांगायचाय. माझ्याच हातून झालाय."