एका दाताची गोष्ट

मंडळी, गेले दोन महिने हे सदर लिहायला मी बेळगावात नव्हतो. लेकीकडे इंग्लंडला, कोव्हेंट्रीला गेलो होतो. जाताना बायकोने बजावलं होतं, "तिथे तरी हात काळे करू नका." उद्यमबागेत तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला हे सांगणं सोपं, ऐकणं कठीण.

लेकीने तिथे एक जुनी गाडी घेतली आहे. माझदा एमएक्स-५, १९९१ची, लाल, दोन सीटची, वरचं छप्पर मागे दुमडणारी. १.६ लिटरचं इंजिन, सोळा व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. मी पोचलो त्याच संध्याकाळी तिची तक्रार सुरू झाली. "बाबा, टायमिंग बेल्ट बदलून घेतला तेव्हापासून गाडीत दमच नाही. उभी असली की थरथरते. गॅरेजवाला म्हणतो, जुनी गाडी आहे, असंच असणार."

"असंच असणार" हे वाक्य मीही गिऱ्हाइकांना पुष्कळदा ऐकवलेलं आहे. म्हणून माझा त्यावर विश्वास नाही.

ज्यांना इंजिनाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्टन क्रँकशाफ्टला फिरवतात आणि क्रँकशाफ्ट दात्यांच्या रबरी पट्ट्याने वरच्या कॅमशाफ्टना फिरवतो. एक कॅमशाफ्ट हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणारे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. हा मेळ बसला नाही तर व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात. समजा कॅमच्या पुलीला ४८ दाते आहेत. पट्टा एक दात इकडेतिकडे बसला, तर कॅम साडेसात अंशांनी चुकला, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने तब्बल पंधरा अंशांनी. गाडी चालते, पण रडत चालते.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. तिला म्हटलं, "पाना तू धर, मी नुसता बघतो." इंजिन पूर्ण थंड होतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीची वायर काढायची म्हणून मी बॉनेटखाली बॅटरी शोधत बसलो; या गाडीत ती मागे डिकीत असते! लेक हसली. मग थोडं कूलंट भांड्यात काढून पुढून जाणारा पाण्याचा पाइप सोडवला, वरचं झाकण आणि बेल्टचं वरचं कव्हर काढलं. चारही प्लग काढले. प्लग काढले की आत दाब राहत नाही, इंजिन हाताने हलकं फिरतं.

क्रँकच्या बोल्टवर पाना लावून समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, कधीच उलटं नाही. खालच्या पुलीची खाच 'टी' या खुणेसमोर आली. लेक म्हणाली, "झालं की!" वर बघितलं तर कॅमच्या खुणा भलतीकडेच. इथे पुष्कळ जण फसतात. क्रँकची खूण प्रत्येक फेऱ्याला जुळते, कॅमची एकाआड एक फेऱ्याला. आणखी एक पूर्ण फेरा दिला तेव्हा 'आय' अक्षर वर आलं. आय म्हणजे आत घेणारा कॅम, 'ई' म्हणजे धुराचा. दोन्ही पुल्या सारख्याच असल्याने दोन्ही अक्षरं दोन्हींवर असतात. एकीवर आय बघायचा, दुसरीवर ई. हा दुसरा फसण्याचा डाव.

आता आयच्या खुणेपासून ईच्या खुणेपर्यंत पट्ट्याचे दाते मोजायचे. या इंजिनात ते एकोणीस हवेत. ईची खूण तेल आणि काजळीने भरली होती. मी चष्मा वर केला, अंदाज घेतला, मोजले. "एकोणीस. बरोबर आहे. दोष दुसरीकडे असेल."

लेक काही बोलली नाही. तिने फडक्याने पुली पुसली, खूण लख्ख केली, प्रत्येक दातावर खडूचा ठिपका देत मोजत गेली. "बाबा, अठरा."

पुन्हा मोजले. अठराच. एकोणीस हवेत हे मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून मला एकोणीस दिसले.

उरलेलं काम सायंकाळपर्यंत चाललं. खालची कव्हरं काढली, ताण देणारी पुली सैल केली, धुराच्या कॅमला पान्याने धरून पट्टा एक दात सरकवला, पुन्हा ताण दिला. लेक प्लग बसवायला निघाली. मी म्हटलं, "थांब. आधी हाताने दोन फेरे." दोन फेरे दिले, खुणा जुळल्या, तिने पुन्हा ठिपके देत मोजलं. एकोणीस. मग सगळं बसवलं, कूलंट भरलं, किल्ली फिरवली. इंजिन शांत चालू लागलं.

रात्री जेवताना तिने विचारलं, "दोन फेऱ्यांचा एवढा आग्रह का?"

तेव्हा सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. १९९६ साली टिळकवाडीतल्या एका डॉक्टरांची डिझेल गाडी माझ्याकडे होती. घाईत बेल्ट बसवला, हाताने न फिरवता सरळ स्टार्टर मारला. खाडकन आवाज आला. लेकीच्या इंजिनात पट्टा चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. त्या डिझेल इंजिनात लागले आणि वाकले. डॉक्टरांना मी म्हणालो, "बेल्टच खराब निघाला." हेड उतरवण्याचे, नव्या व्हॉल्व्हचे सगळे पैसे त्यांनी दिले, वर चहाही पाजला.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंत?"

डॉक्टर आता नाहीत. बेळगावला परतल्यावर पहिल्या रविवारी त्यांच्या मुलाकडे गेलो. सगळं सांगितलं, जुन्या वहीतला हिशेब दाखवला, पाकीट पुढे ठेवलं. तो नको नको म्हणेल अशी माझी समजूत होती. त्याने वही नीट वाचली, पाकीट घेतलं आणि म्हणाला, "आलात ते बरं झालं, काका." घरी येताना पाय हलके वाटत होते.

पोरांनो, तुमच्यापैकी कुणी घरी असं काम काढलंत, तर आधी आपल्या इंजिनाचं पुस्तक बघा; खुणा आणि दाते प्रत्येक इंजिनाचे वेगळे. मोजताना खूण पुसून घ्या. हाताने दोन फेरे दिल्याशिवाय किल्लीला हात लावू नका. फिरवताना कुठे अडलं तर जोर न करता थांबा. आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. आधी तुमचा आकडा मात्र त्याला सांगू नका.