पाटीच्या आडची जबाबदारी

हुबळीच्या दुर्गदबैलात लग्नाच्या खरेदीस गेलेल्या कुटुंबास एखादी तरी पाटी भेटतेच: ‘वाहने व सामान आपापल्या जबाबदारीवर ठेवावे.’ पाटी कानडीत असो वा इंग्रजीत, चोरी झाल्यास मालकाचा संबंध नाही असा तिचा अर्थ आपण निमूटपणे मान्य करतो. कायदा मात्र तो सर्वस्वी मान्य करीत नाही, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसावे.

१९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन किल्लीसह तेथील सेवकाच्या स्वाधीन केली. परत येऊन पाहतो तो गाडी तिऱ्हाइतानेच पळविलेली! पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द अर्थातच होते. वाद एकवीस वर्षे चालला. अखेर १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर तिची योग्य काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार हॉटेलवरच येतो. स्वतःच्या निष्काळजीपणास छापील शब्दांचा आडोसा मिळत नाही. आधार होता १८७२ च्या करार कायद्याचा. मेख एवढीच की, किल्ली आपल्याच खिशात ठेवून गाडी कोठेतरी उभी केली असेल, तर हा आधार मिळणे कठीण.

हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आपल्याच मुलखातले, चिक्केरूरचे. ते गाव आज हावेरी जिल्ह्यात असले, तरी १९९७ पर्यंत तो धारवाड जिल्हाच होता. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी, निधनाच्या जेमतेम दोन महिने आधी, त्यांनीच बँकांच्या लॉकरविषयीही निकाल दिला. कोलकात्यातील एका बँकेने ग्राहकास न कळविता त्याचा लॉकर फोडला होता; त्याच्या म्हणण्याप्रमाणे सात दागिन्यांपैकी हाती आले दोनच. न्यायालयाने बँकेस पाच लाखांची भरपाई द्यावयास लावली आणि रिझर्व्ह बँकेस सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले.

ते नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडे दोन हजार असेल, तर दोन लाख. आजच्या भावाने एवढ्यात आजीच्या पाटल्यांची जोडीही यायची नाही! ही मर्यादा आम्हांस कंजूषपणाची वाटते. आत काय आहे हे बँकेस ठाऊक नसते, हा तिच्या बाजूचा मुद्दा खरा. पण म्हणूनच दागिन्यांची वजनासह यादी, छायाचित्रे व पावत्या घरी ठेवाव्यात आणि वेगळा विमा उतरवावा. लॉकर उघडला गेला की ग्राहकास संदेश धाडणे बँकेवर बंधनकारक आहे. तेव्हा बँकेत नोंदलेला दूरध्वनी क्रमांक पुण्यास गेलेल्या चिरंजीवांचा जुना क्रमांक तर नाही ना, हे वडीलधाऱ्यांनी एकदा पाहून घ्यावे.

आमच्या वाचकांत पेढीवाले व मंगल कार्यालयांचे चालकही आहेत. कर्नाटकाच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यान्वये गर्दीच्या आस्थापनांत कॅमेरे बसविणे व त्यांतील चित्रण तीस दिवस जपणे आवश्यक आहे. कॅमेरा भिंतीवर आहे, पण महिनोन्‌महिने बंद, असे असेल तर दुरुस्तीस माणूस लग्नसराईपूर्वीच बोलवावा.