कंपनी सांगते, सरकार ऐकते, नागरिकाचे काय?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक-यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. त्यातील मोठी रक्कम परदेशांतील एटीएममधून निघाली. अशा चोरीची रीत इतर बँकांना तात्काळ कळणे हाच बचावाचा पहिला उपाय होय. परंतु बाजारातील पत जाईल या भीतीने खाजगी कंपनी आपल्या घरची चोरी झाकू पाहते. झाकण्याचा लाभ तिचा, हानी समाजाची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कोडे नवे नाही, आणि त्याचे उत्तर बाजारापाशी नाही. सक्ती करावीच लागते.

म्हणूनच सायबर हल्ल्यांच्या निवारणासाठी असलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी, हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याचे बंधन घातले, ते तत्त्वतः योग्यच होते. (मुदत फार थोडी, ही उद्योगपतींची ओरड मला फारशी पटत नाही.) मात्र त्याच आदेशाने व्हीपीएन सेवा पुरविणाऱ्यांना ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपून ठेवावयास सांगितले. चोराचा माग काढता काढता सरकारने घरमालकाचीही वही मागितली!

पुढे घडले ते अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संस्था माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, गुप्तवार्ता संस्थांच्या पंक्तीला नेऊन बसविण्यात आली. भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग एवढे अपवाद वगळता तिला प्रश्न विचारण्याची वाट बंद झाली.

अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये खर्चाच्या अवाढव्य विधेयकाच्या पोटात घालून असाच कायदा संमत केला. तेथे सक्ती नाही, आमिष आहे: माहिती देणाऱ्या कंपनीस खटल्यांपासून अभय, आणि दिलेली माहिती जनतेच्या नजरेआड. तरी त्या कायद्याला सप्टेंबर २०२५ पर्यंतची मुदत होती. तो पुढे चालविण्यासाठी प्रतिनिधिगृहांपुढे येणे भाग होते. आपल्याकडील बंधन निव्वळ प्रशासकीय आदेशाने आले, आणि त्याला मुदतही नाही.

ज्याची माहिती चोरीस गेली त्याला कळविण्याचे कर्तव्य २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे खरे. पण त्याचे नियम निघावयास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यांतही या तरतुदीसाठी कंपन्यांना आणखी अठरा महिने देण्यात आले. सरकारसाठी सहा तास, खातेदारासाठी इतकी वर्षे!

आपल्या कार्यकर्त्यांनी व संसदेतील साथींनी दोन मागण्या लावून धरावयास हव्यात. सर्ट-इनला खबर पोचते त्याच आठवड्यात ती बाधित नागरिकालाही पोचावी. आणि ही संस्था दुसऱ्या अनुसूचीतून बाहेर काढावी.