लॅपटॉपचं झाकण बंद, मॉनिटर चालू: अलिबागला बसून ऑफिस चालवताना लाईट गेली तर काय होतं?

टेबलावर मोठा मॉनिटर, पुढ्यात वेगळा कीबोर्ड आणि माऊस. लॅपटॉप दिसतच नाही, कारण तो झाकण लावून मॉनिटरच्या मागे उभा करून ठेवलेला असतो. एका डॉकला त्याची एकच वायर जोडलेली. चित्र, चार्जिंग, कीबोर्ड, इंटरनेट, सगळं त्याच वायरमधून. मान खाली घालून बसावं लागत नाही, टेबल मोकळं राहतं आणि एक वायर काढली की लॅपटॉप बॅगेत.

मुंबई-पुण्याच्या ऑफिसांमधली ही पद्धत वर्क फ्रॉम होमबरोबर घरोघरी पोहोचली. पण ऑफिसच्या इमारतीला जनरेटर असतो. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घराला असेलच असं नाही. इथे पावसाळ्यात वाऱ्याची एक झुळूक जोरात आली तरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. अशा वेळी झाकण लावलेला लॅपटॉप नेमकं काय करतो? कॉल चालू राहतो की तुटतो? आणि त्यावर काही उपाय आहे का?

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर आला कसा?

त्यासाठी २०२० मध्ये जावं लागतं. त्या वर्षी अवघ्या तीन महिन्यांत इथे तीन गोष्टी घडल्या.

पहिली, १५ मार्च २०२० ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट अलिबागच्या दारात उतरायची सोय झाली. दुसरी, त्यानंतर दहाच दिवसांत देशभर लॉकडाऊन लागला आणि ऑफिसं घरात आली. तिसरी गोष्ट ३ जूनची. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले आणि विजेचे खांब हजारोंनी पडले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले.

म्हणजे किनाऱ्यावर राहून मुंबईचं काम करायची सोय आणि तिच्यातला सगळ्यात मोठा धोका, दोन्ही एकाच उन्हाळ्यात समोर आले.

पुढे ५ नोव्हेंबर २०२० ला केंद्राच्या दूरसंचार विभागाने बीपीओ आणि आयटी कंपन्यांसाठीचे नियम सैल केले. कर्मचाऱ्याने घरून किंवा कुठूनही काम करण्यातल्या बऱ्याच अडचणी त्यामुळे दूर झाल्या. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईपासूनचं अंतर आणखी कमी झालं. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस आणि तीन दिवस घर, हे गणित उरण-अलिबागहून जमण्यासारखं झालं.

रस्ता आला, बोट आली, नियम बदलले. घरातल्या प्लगमध्ये वीज किती वेळ राहील, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपापला सोडवायचा आहे.

झाकण लावलं हे लॅपटॉपला कळतं कसं?

बहुतेक लॅपटॉपमध्ये एका बाजूला छोटं चुंबक असतं आणि समोरच्या बाजूला ते ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आलं की लॅपटॉप समजतो, झाकण लागलं. म्हणूनच कधीकधी चुंबकाची पट्टी असलेलं मोबाईल कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवलं तरी स्क्रीन अचानक काळी होते.

झाकण लागल्यावर काय करायचं, हे मात्र सेटिंग ठरवतं. विंडोजमध्ये मूळ सेटिंग स्लीप असतं, म्हणजे लॅपटॉप झोपतो. बाहेरच्या मॉनिटरवर काम करायचं तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते ‘डू नथिंग’ करावं लागतं. तिथे दोन रकाने असतात: एक ‘प्लग्ड इन’, म्हणजे चार्जर जोडलेला असताना, आणि दुसरा ‘ऑन बॅटरी’. बहुतेक जण पहिला बदलतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत.

मॅकबुकचं गणित थोडं वेगळं आहे. झाकण बंद ठेवून काम करायचं तर बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि चार्जर जोडा, असं ॲपल सांगतं. २०२४ च्या एम-३ मॅकबुक एअरवर तर दोन बाहेरचे मॉनिटर चालवायचे असतील तर झाकण बंदच ठेवावं लागतं. उघडं ठेवलं तर एकच चालतो. २०२५ च्या एम-४ एअरमध्ये ही अट गेली.

लाईट गेली की काय होतं?

आता भर पावसात, ऑफिसचा कॉल चालू असताना लाईट गेली असं समजू.

मॉनिटर बंद होतो, कारण त्याला स्वतःची बॅटरी नसते. डॉकही बंद होतो. डॉकमधून आलेला कीबोर्ड, माऊस आणि इंटरनेटची केबल एका झटक्यात तुटते. राऊटरला बॅकअप नसेल तर वायफायही जातं. घरात एकच गोष्ट जिवंत उरते, ती म्हणजे लॅपटॉप. पण त्याचं झाकण बंद असतं.

इथून पुढे प्रत्येक मशीन आपापल्या स्वभावाने वागतं. चार्जर गेला की मॅकबुक साधारणपणे झोपतं. विंडोजचे काही लॅपटॉप लगेच झोपतात, तर काही झाकणाखाली तसेच चालू राहतात. झोपला तर कॉल तुटतो आणि मोठी फाईल पाठवत असाल तर ती अर्धवट राहते. चालू राहिला आणि माणसाला वाटलं की तो झोपला, तर त्याहून वाईट. असा लॅपटॉप बॅगेत भरला तर आतल्या आत तापत राहतो. मांडव्याची बोट पकडून मुंबईला पोहोचेपर्यंत बॅटरी रिकामी आणि मशीन गरम.

थोडक्यात, लॅपटॉपचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याची बॅटरी, आणि झाकण बंद केल्यावर ऐन गरजेला नेमकी तीच हाताशी येत नाही.

मग उपाय काय? झाकण उघडं, पडदा बंद

सगळ्यात सोपा उपाय फुकट आहे. लॅपटॉप मॉनिटरच्या मागे न ठेवता शेजारी ठेवायचा, झाकण उघडं ठेवायचं आणि फक्त त्याचा पडदा बंद करायचा. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की चार पर्याय येतात. त्यातला ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडला की चित्र फक्त मोठ्या मॉनिटरवर दिसतं. लाईट गेली, मॉनिटर तुटला की चित्र आपोआप लॅपटॉपच्या पडद्यावर परत येतं. क्वचित आलं नाही तर तीच दोन बटणं पुन्हा दाबून पहिला पर्याय निवडायचा. मॅकवर पडद्याचा ब्राइटनेस शून्यावर आणूनही काम भागतं.

झाकण उघडं ठेवण्याचे आणखी फायदे आहेत. लॅपटॉपचा कॅमेरा आणि बोटाच्या ठशाने उघडायची सोय वापरता येते. माईकही. अलीकडच्या मॅकबुकमध्ये झाकण लावलं की आतला माईक हार्डवेअरमधूनच तोडला जातो, त्यामुळे बंद झाकणावर कॉल घ्यायचा तर वेगळा हेडफोन लागतोच.

ज्यांना टेबलावर जागाच नाही आणि झाकण बंदच ठेवायचं आहे, त्यांनी एक चाचणी करून बघावी. सगळं काम सेव्ह करायचं, एखादं गाणं लावायचं आणि डॉकचा स्विच बंद करायचा. गाणं थांबलं तर लॅपटॉप झोपला, चालू राहिलं तर तो जागा आहे. दोन मिनिटांत आपलं मशीन कसं वागतं ते कळतं. ही परीक्षा कॉल चालू नसताना घेतलेली बरी.

बॅटरी फुगली तर दिसणार कशी?

डॉकला जोडलेला लॅपटॉप महिनोन् महिने चार्जिंगवर असतो. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: सतत १०० टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात दोन्ही एकत्र येतात. बॅटरी लवकर म्हातारी होते आणि कधीकधी फुगते.

फुगलेली बॅटरी ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. टचपॅड वर उचलला जातो, क्लिक नीट होत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. पण ज्याचं झाकण आठवडाभर उघडलंच जात नाही, त्याच्या टचपॅडकडे बघणार कोण? म्हणून आठवड्यातून एकदा तरी झाकण उघडून नजर टाकावी. फुगवटा दिसला तर चार्जिंग थांबवायचं, बॅटरीला टोचायचं किंवा दाबायचं नाही आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठायचं.

लेनोव्हो, डेल, एसुस, एचपी अशा बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. कायम डॉकला राहणाऱ्या मशीनसाठी ती चालू ठेवावी. मात्र वादळाचा इशारा आला की आदल्या रात्री ती काढून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. किनाऱ्यावर एवढी एक सवय पुरेशी आहे.

खारा वारा आणि दमट हवा

अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. समुद्राजवळच्या घरात हवेत ओल असते आणि तिच्यात मीठही. खिडकीच्या ग्रिलला जो गंज चढतो, तोच हळूहळू वायरींच्या टोकांना आणि पोर्टांना त्रास देतो. बरेच दिवस न वापरलेल्या पोर्टमध्ये वायर घातली आणि मॉनिटर चालू-बंद होऊ लागला, तर दोष दरवेळी मॉनिटरचा नसतो. डॉक खिडकीपासून लांब ठेवावा, पंखा लागणाऱ्या फटी पुसाव्यात आणि लॅपटॉप वापरात नसेल तर कोरड्या जागी ठेवावा.

दुसरा मुद्दा अर्थिंगचा. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या आल्यासारखं वाटतं? दोन पिनांच्या चार्जरवर किंवा अर्थिंग नसलेल्या घरात असं होतं. जुन्या घरात आधी अर्थिंग तपासून घ्यावं, मग महागडा डॉक घ्यावा. जोरात विजा कडाडू लागल्या की डॉक आणि मॉनिटरचा प्लग सरळ काढून ठेवावा. लॅपटॉप बॅटरीवर चालतोच.

इन्व्हर्टर घ्यावा का?

थोडं गणित करू. मॉनिटर साधारण २५ वॉट, डॉकवर चार्ज होणारा लॅपटॉप ४०, राऊटर १०, पंखा ७५ आणि एक दिवा १०. एकूण १६० वॉट. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. गळती धरली आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही असं ठरवलं, तर हाती ११०० च्या आसपास उरतात. म्हणजे नव्या बॅटरीवर सहा-सात तास. बॅटरी जुनी झाली की तेवढे कमी. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवावं. नाहीतर बदलाच्या क्षणी मॉनिटर आणि डॉक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतात.

आता दुसरी बाजू. ५० वॉट-तासांची लॅपटॉपची बॅटरी, स्वतःच्या पडद्यावर साधं ऑफिसचं काम असेल तर तीन-चार तास चालते. त्यासोबत राऊटरला छोटा यूपीएस किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट असला की अर्धा दिवस निघतो. म्हणजे तास-दोन तासांच्या लाईट जाण्यासाठी इन्व्हर्टरची गरज नाही, उघडं झाकण पुरतं. रोज चार-पाच तास लाईट जात असेल तर मात्र इन्व्हर्टरला पर्याय नाही.

आणि निसर्गसारखं वादळ आलं तर? तेव्हा यातलं काहीच पुरत नाही. खांब पडले की वीज जाते आणि त्याच खांबांवरून गेलेली इंटरनेटची केबलही जाते. अलिबाग शहरात वीजवाहिन्या जमिनीखाली टाकण्याचं काम चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून हाती घेण्यात आलं, ते याचसाठी. खेड्यापाड्यांत तारा अजून मुख्यतः खांबांवरूनच जातात.

खर्च कोणाचा?

लॅपटॉप बऱ्याचदा कंपनी देते. मॉनिटर, टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर, दुसरं इंटरनेट कनेक्शन मात्र अनेकदा कर्मचाऱ्याच्या खिशातून येतं. २०२० च्या नियमबदलाने कंपन्यांवरची नोंदणीची आणि बँक गॅरंटीची अट काढली. घरातल्या विजेचा खर्च कोणी करायचा, हा त्या नियमांचा विषयच नव्हता. त्यामुळे तो प्रत्येक कंपनीच्या धोरणावर आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मागणीवर सोडला गेला आहे. कॉल तुटला तर ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ म्हणून तो कर्मचाऱ्याच्या नावावर जातो. म्हणून किनाऱ्यावरून काम करायचं ठरवताना बॅकअपचा खर्च कोण देणार, हे आधीच लेखी विचारून घेणं शहाणपणाचं.

हे उत्तर मिळेपर्यंत हातात असलेली गोष्ट साधी आहे: मोठा मॉनिटर जरूर वापरा, पण लॅपटॉपचं झाकण उघडं राहू द्या.